अवशेषांचा इतिहास : निरीक्षणे, वक्ररेषा आणि लघुतम वर्गांची पद्धती

१

प्रयोगशाळेत घेतलेली मापे आलेखपत्रावर मांडली असता ती सिद्धान्ताने सांगितलेल्या रेषेवर तंतोतंत बसत नाहीत, हा प्रत्येक प्रयोगकर्त्याचा नित्याचा अनुभव होय. काही बिंदू रेषेच्या वर पडतात, काही खाली. अशा वेळी दोन प्रश्न उपस्थित होतात. ह्या बिंदूंमधून नेमकी कोणती रेषा काढावयाची, हा पहिला. आणि रेषा काढल्यावर प्रत्येक बिंदूपाशी जे अंतर उरते त्याचे काय करावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज कोणतेही संगणकयंत्र क्षणार्धात देते. दुसऱ्याचे उत्तर यंत्र देत नाही. ते प्रयोगकर्त्यालाच शोधावे लागते.

निरीक्षित मूल्य आणि रेषेवरील मूल्य ह्यांतील ह्या अंतरास ‘अवशेष’ अशी संज्ञा आहे. मराठीत ह्या शब्दाला दोन छटा आहेत. हिशेब संपल्यावर जे शिल्लक राहते ते अवशेष, आणि जमिनीत गाडल्या गेलेल्या एखाद्या नगरीचे जे चिन्ह उरते तेही अवशेषच. पहिल्या अर्थाने तो टाकून देण्याजोगा उरलेला भाग ठरतो, तर दुसऱ्या अर्थाने नव्या शोधाचा आरंभबिंदू. निरीक्षणांना रेषा जुळविण्याच्या शास्त्राचा इतिहास हा बव्हंशी ह्या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

२

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक निरीक्षणे एकत्र करण्याविषयी शास्त्रज्ञांच्या मनात एक स्वाभाविक भय होते. सदोष निरीक्षणांची बेरीज केली तर दोषांचीही बेरीज होईल, असे त्यांना वाटे. त्यामुळे अनेक निरीक्षणांतून सर्वांत विश्वसनीय वाटणारी मोजकी निवडावयाची आणि त्यांवरच गणित करावयाचे, असा प्रघात होता. लिओनार्ड ऑयलरसारखा अलौकिक गणितीही ह्याला अपवाद नव्हता. गुरू आणि शनी ह्यांच्या गतींतील अनियमितता सोडविण्यासाठी लिहिलेल्या १७४९ च्या निबंधात त्याच्यापुढे पंचाहत्तर निरीक्षणांवरून मिळालेली समीकरणे होती. परंतु त्यांचा एकत्रित मेळ घालण्यास तो धजला नाही.

ऑयलरला जे जमले नाही ते त्याच सुमारास टोबिआस मेयर ह्या जर्मन ज्योतिर्विदाने साधले. चंद्राचे जे बिंब आपणांस दिसते ते किंचित डोलत असते. ह्या आंदोलनाचा अभ्यास करण्यासाठी मेयरने चंद्रावरील मॅनिलिअस ह्या विवराची स्थिती सत्तावीस वेळा मोजली. अज्ञात राशी तीन आणि समीकरणे सत्तावीस, अशी स्थिती होती. त्याने समीकरणांचे नऊ-नऊंचे तीन गट पाडले, प्रत्येक गटाची बेरीज केली आणि उरलेली तीन समीकरणे सोडविली. हे काम १७५० मध्ये प्रसिद्ध झाले. तिनांऐवजी सत्तावीस निरीक्षणे घेतल्यामुळे आपले उत्तर नऊपट अचूक झाले आहे, असे मेयरचे मत होते. ते खरे नव्हते. यदृच्छेने घडणाऱ्या चुका एकमेकींना अंशतः छेदतात. पण अचूकता निरीक्षणांच्या संख्येच्या प्रमाणात न वाढता तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लाभ सुमारे तिप्पटच होता. असे असले तरी मेयरचा मूळ विश्वास योग्य होता : चुका वाढत जातात त्याहून अधिक त्या परस्परांना खोडून काढतात. ऑयलर आणि मेयर ह्यांच्यामधील अंतर गणिती सामर्थ्याचे नव्हते, तर चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीचे होते.

पुढील पाऊल रॉजर बॉस्कोविच ह्या जेसुइट पंडिताने टाकले. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, हा त्या काळचा मोठा वादविषय होता. क्विटो, केप ऑफ गुड होप, रोम, पॅरिस आणि लॅपलंड अशा पाच ठिकाणी मोजलेल्या याम्योत्तर वृत्ताच्या कंसांची मापे बॉस्कोविचपाशी होती. रोमजवळचा कंस त्याने स्वतः क्रिस्टोफर मेअरच्या साहाय्याने मोजला होता. कोणतेही दोन कंस घेतले तरी चपटेपणाचे एक मूल्य निघते. पाच कंसांच्या दहा जोड्या होतात, आणि दहा जोड्यांनी दहा निरनिराळी उत्तरे दिली. १७५७ मध्ये बॉस्कोविचने ह्यातून वाट काढणारा एक नियम मांडला : सर्व अवशेषांची बेरीज शून्य असावी, आणि चिन्हे सोडून केलेली त्यांची बेरीज शक्य तितकी लहान असावी. उत्तम रेषा म्हणजे काय ह्याची काटेकोर व्याख्या येथे दिसते. ही व्याख्या पुढे दीर्घकाळ मागे पडली. तिच्या पुनरागमनाचा विचार पुढे येईल.

३

ह्यानंतरचा प्रसंग गणिताच्या इतिहासाइतकाच मानवी मनाच्याही इतिहासाचा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात लांबीचे नवे एकक निश्चित करावयाचे ठरले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश भाग म्हणजे मीटर, अशी त्याची व्याख्या होती. त्यासाठी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा कंस मोजण्याचे काम १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशँ ह्या दोन ज्योतिर्विदांकडे सोपविण्यात आले. दक्षिणेकडील भाग मेशँच्या वाट्यास आला.

मेशँ हा अत्यंत दक्ष निरीक्षक होता. त्याने बार्सिलोनाजवळील माँजुइक किल्ल्यावरून ताऱ्यांच्या साहाय्याने अक्षांश निश्चित केला. १७९३ मध्ये फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्यात युद्ध सुरू झाले आणि किल्ल्यात जाणे त्याला अशक्य झाले. तेव्हा त्याने शहरातील एका खानावळीत मुक्काम करून तेथून पुन्हा निरीक्षणे घेतली. दोन्ही जागांमधील अंतर त्रिकोणमापनाने ठाऊक असल्याने दोन्ही अक्षांश एकमेकांशी जुळावयास हवे होते. ते जुळले नाहीत. सुमारे तीन विकलांचा, म्हणजे जमिनीवर शंभर मीटरच्या आसपासचा, फरक उरला.

हा फरक कोठून आला, हे मेशँला कळेना. आणि त्याने तो कोणाला सांगितलाही नाही. १७९९ मध्ये मीटरचे प्रमाण निश्चित झाले तेव्हाही ही विसंगती त्याच्या टिपणवह्यांतच दडलेली होती. मनाला लागून राहिलेली ही बोच घेऊन तो १८०३ मध्ये कंस आणखी दक्षिणेकडे वाढविण्याच्या मोहिमेवर पुन्हा स्पेनला गेला, आणि १८०४ मध्ये तेथेच ज्वराने मरण पावला. त्याचे कागद देलांब्रच्या हाती आले तेव्हा सत्य उघडकीस आले. देलांब्रने त्या वह्या नष्ट केल्या नाहीत. पुढील अभ्यासकांसाठी त्या जतन करून ठेवल्या.

ह्या कथेतील शोकान्त असा की, मीटरच्या लांबीवर त्या विसंगतीचा परिणाम फारसा झालाच नाही. निश्चित केलेला मीटर व्याख्येपेक्षा सुमारे ०·२ मिलिमीटरने आखूड निघाला, ह्याचे मुख्य कारण पृथ्वीचा चपटेपणा १/३३४ असा गृहीत धरला गेला हे होते. आज तो सुमारे १/२९८ मानला जातो. मेशँने ज्या अवशेषाला आपले वैयक्तिक अपयश समजून आयुष्यभर लपविले तो बहुधा उपकरणातील सातत्याने एकाच दिशेस घडणाऱ्या दोषाचा परिणाम होता. त्याच्या प्रत्येक जागेवरील निरीक्षणांचा परस्परांशी मेळ उत्तम होता; परंतु परस्परांशी मेळ असणे आणि सत्याशी मेळ असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद स्पष्ट करणारी भाषा मेशँच्या पिढीपाशी नव्हती, म्हणून जी गोष्ट उपकरणाविषयी होती ती त्याने स्वतःच्या चारित्र्याविषयी आहे असे मानले.

४

मेशँच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८०५ मध्ये, आद्रियाँ-मारी लजांद्रने धूमकेतूंच्या कक्षांविषयीच्या आपल्या पुस्तकाला एक छोटेसे परिशिष्ट जोडले. प्रत्येक अवशेषाचा वर्ग करावा, आणि त्या वर्गांची बेरीज लघुतम होईल अशी अज्ञात राशींची मूल्ये घ्यावीत, असा त्यातील नियम होता. उदाहरण म्हणून त्याने घेतली ती डंकर्क ते बार्सिलोना ह्याच कंसाची मापे. वर्ग घेतल्यामुळे चिन्हाचा प्रश्न मिटतो, मोठ्या चुकांना अधिक दंड बसतो आणि जितक्या अज्ञात राशी तितकीच साधी समीकरणे उरतात. दहा वर्षांच्या आत ही पद्धती युरोपातील ज्योतिर्विदांमध्ये रूढ होऊ लागली.

१८०९ मध्ये कार्ल फ्रीडरिख गाउसने खगोलांच्या गतीवरील आपल्या ग्रंथात हीच पद्धती मांडली आणि आपण ती १७९५ पासून वापरीत असल्याचे नमूद केले. त्यावरून लजांद्र अतिशय दुखावला गेला, आणि गणिताच्या इतिहासातील एक कडवट वाद उद्भवला. १ जानेवारी १८०१ रोजी पिआझीने शोधलेला सिरीस हा ग्रह सुमारे सहा आठवड्यांनी सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला होता. गाउसच्या गणितावरून तो त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा सापडला. परंतु त्या गणितात लघुतम वर्गांचा वाटा नेमका किती होता, ह्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

अग्रमानाचा हा वाद बाजूस ठेवला तरी गाउसचे वैशिष्ट्य स्पष्ट आहे. वर्गच का घ्यावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर लजांद्रने सोयीच्या आधारे दिले होते; गाउसने ते संभाव्यतेच्या आधारे दिले. चुका एका विशिष्ट घंटाकृती नियमाने विखुरल्या असतील, तर लघुतम वर्गांनी मिळणारे उत्तर सर्वांत संभाव्य ठरते, हे त्याने दाखविले. मात्र तो घंटाकृती नियम त्याने सरासरी हेच उत्तम मूल्य होय असे गृहीत धरून काढला होता, त्यामुळे युक्तिवाद काहीसा वर्तुळाकार झाला. अनेक लहान, स्वतंत्र कारणांच्या बेरजेतून हाच नियम उद्भवतो हे लाप्लासने १८१० मध्ये दाखविले, तेव्हा त्या युक्तिवादाला भक्कम आधार मिळाला. १८२३ च्या ग्रंथात गाउसने स्वतःच घंटाकृती नियमाची अट वगळून पद्धतीचे नवे समर्थन केले. ह्या समर्थनालाही अटी आहेतच : चुका कोणत्याही एका बाजूला झुकलेल्या नसाव्यात, त्या परस्परांशी निगडित नसाव्यात, आणि त्यांचे विखुरणे सर्वत्र सारखे असावे किंवा निदान त्याचे प्रमाण माहीत असावे. मेशँची चूक पहिल्याच अटीत बसत नव्हती. लघुतम वर्गांचे सूत्र त्याच्या हाती असते, तरी त्याने त्याला त्या दोषापासून वाचविले नसते.

५

मेशँने तीन विकला लपविल्या. त्यानंतर अर्धशतकाने भारतात पाच विकलांची उघड चर्चा झाली. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दिल्लीच्या उत्तरेकडील कलिआना आणि मध्य भारतातील सिरोंजजवळील कल्याणपूर ह्या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर दोन रीतींनी काढण्यात आले होते : जमिनीवरील त्रिकोणांवरून आणि आकाशातील ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत ५·२३६ विकलांचा फरक आढळला. जॉर्ज एव्हरेस्टने १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तावरून हा फरक अभ्यासकांपुढे आला. एवढ्या लांब साखळीत इतका अल्प फरक त्रिकोणांवर वाटून टाकणे, म्हणजे हिशेब मिटविणे, सहज शक्य होते.

कलकत्त्यातील धर्माधिकारी आणि गणिती जॉन प्रॅट ह्याने वेगळा विचार केला. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असणार, आणि ताऱ्यांचे निरीक्षण ओळंब्यावरच अवलंबून असल्याने ते फसले असणार. त्याने ह्या आकर्षणाचे गणित मांडले तेव्हा फरक ५ नव्हे तर १५·८८५ विकलांचा यावयास हवा, असे निघाले. हिमालय ओळंब्याला ओढीत होता खरा. पण त्याच्या दृश्य आकारमानाच्या मानाने फारच थोडा. १८५५ मध्ये जॉर्ज एअरीने ह्याची उपपत्ती दिली : पर्वतांच्या खाली हलक्या खडकांची मुळे खोलवर गेलेली आहेत. प्रॅटनेही आपली निराळी उपपत्ती मांडली. पृथ्वीच्या कवचाच्या समस्थायित्वाची संकल्पना अशा रीतीने एका अवशेषातून उदयास आली. जो फरक हिशेबात मुरवून टाकता आला असता, त्यात हिमालयाची मुळे दडलेली होती.

६

ह्यानंतर ही पद्धती ज्योतिषाच्या क्षेत्रातून जीवशास्त्रात आली, आणि तेथे तिला आजचे नाव मिळाले. फ्रान्सिस गॉल्टनने २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये ह्यांच्या उंचींचा अभ्यास केला. सरासरीहून उंच आईबापांची मुले सरासरीहून उंचच असतात, पण आईबापांइतकी नव्हेत. त्यांचे आधिक्य सुमारे दोन-तृतीयांशच राहते. सरासरीकडे परतण्याच्या ह्या प्रवृत्तीला गॉल्टनने १८८५ च्या सुमारास ‘रिग्रेशन’, म्हणजे मागे जाणे, असे नाव दिले. १८९७ मध्ये उडनी यूलने ही कल्पना लघुतम वर्गांच्या पद्धतीशी जोडली. तेव्हापासून तापमानानुसार धातूची लांबी किती वाढते हे काढतानाही, जेथे काहीच मागे जात नाही तेथेही, हेच नाव वापरले जाऊ लागले.

भारतीय भाषांत परिभाषा घडविताना ह्या संज्ञेपुढे दोन वाटा होत्या. ‘प्रतिगमन’ हा शब्द गॉल्टनच्या मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे. ‘समाश्रयण’ हा शब्द ‘श्रि’ ह्या धातूपासून आला असून त्याचा अर्थ आश्रय घेणे, टेकणे असा होतो. एक राशी दुसऱ्या राशीवर टेकलेली आहे, हा संबंध तो नेमका सुचवितो. इंग्रजी संज्ञेत एका प्रसंगाची स्मृती गोठून राहिली आहे. ‘समाश्रयणा’त संकल्पनेचे सार आले आहे. तथापि ह्या शब्दातही एक सूचना आहे. कोणती राशी टेकलेली आणि कोणती आधार देणारी, हे आधी ठरवावे लागते, आणि नेहमीच्या पद्धतीत आधार देणारी राशी निर्दोष मोजलेली आहे असे गृहीत असते. दोन्ही मापांत चूक असेल तर काय करावे, ह्याचे उत्तर कार्ल पिअर्सनने १९०१ मध्ये शोधले : अंतर उभे न मोजता रेषेला लंब मोजावे.

महाराष्ट्र आणि गोवा ह्यांच्याशी ह्या इतिहासाचा संबंध दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांच्याद्वारे येतो. गोव्यातील कोसबें येथे १९०७ मध्ये जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या आहत नाण्यांच्या वजनांकडे वळले. हाताळणीने नाणे झिजते. नाण्याच्या मागील बाजूवरील लहान ठसे हे वेळोवेळी झालेल्या तपासणीचे चिन्ह मानले, तर जितके ठसे अधिक तितके नाणे अधिक काळ चलनात राहिलेले असणार. ठशांच्या संख्येबरोबर सरासरी वजन क्रमाने घटत जाते, हे कोसंबींनी दाखविले, आणि १९४२ मध्ये चलनाचा नाण्यांच्या वजनावर होणारा परिणाम ह्या विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन तर घटतेच, पण त्यांच्या वजनांतील विखुरणेही वाढत जाते, हे त्यांचे निरीक्षण पद्धतीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. गाउसच्या अटींपैकी विखुरणे सर्वत्र सारखे असण्याची अट येथे मोडते. पण ती मोडते ह्यातच नाण्याच्या वयाचा पुरावा मिळतो. लिखित साधनांच्या अभावी मूक राहिलेल्या चांदीच्या तुकड्यांना कालक्रम सांगावयास लावणारी ही रीत म्हणजे अवशेषाच्या दोन्ही अर्थांचा संगम होय.

७

विसाव्या शतकातील सुधारणांचे सूत्र ह्याच दृष्टीने समजून घेता येते. प्रत्येक सुधारणा गाउसच्या कोणत्या ना कोणत्या अटीला विचारलेला प्रश्न आहे.

वक्ररेषेचे सरळ रेषेत रूपांतर करण्याची जुनी युक्ती ह्याचे उत्तम उदाहरण आहे. विकरांच्या क्रियेचा वेग पदार्थाच्या संहतीनुसार वक्ररेषेने वाढतो. लाइनवीव्हर आणि बर्क ह्यांनी १९३४ मध्ये दोन्ही राशींचे व्यस्त घेऊन ही वक्ररेषा सरळ केली. रेषा सरळ झाली; पण चुकांचे काय झाले? वेग १० आणि चूक १ असेल तर व्यस्त ०·०९ ते ०·११ ह्या अरुंद पट्ट्यात राहतो. वेग २ आणि चूक तीच १ असेल तर व्यस्त ०·३३ पासून १ पर्यंत कोठेही जातो. म्हणजे सर्वांत कमी विश्वसनीय बिंदूच रेषेला सर्वांत जोराने ओढतात. ह्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याच्या विश्वसनीयतेप्रमाणे भार देणे, किंवा रूपांतर न करता मूळ वक्ररेषाच जुळविणे. दुसऱ्या मार्गासाठी लागणारी गणनरीती लेव्हनबर्गने १९४४ मध्ये आणि मार्क्वार्टने १९६३ मध्ये दिली. संगणकामुळे ती आज सर्वांच्या आवाक्यात आहे.

दुसरा प्रश्न फटकून असलेल्या बिंदूंचा. १०·१, १०·२, १०·०, १०·३ आणि १४·४ अशी पाच मापे मिळाली तर त्यांची सरासरी ११·० येते, जी त्यांपैकी एकाही मापाच्या जवळ नाही. मध्यस्थ मूल्य मात्र १०·२ राहते. वर्ग घेण्याने मोठ्या चुकीला मोठा दंड बसतो, आणि तो टाळण्यासाठी सर्व रेषाच तिच्याकडे झुकते. अशा प्रसंगी वर्गांऐवजी अवशेषांची चिन्हरहित बेरीज लघुतम करणे अधिक सुरक्षित, आणि हाच तर बॉस्कोविचचा नियम होता. १९६४ मध्ये पीटर ह्यूबरने दोहोंचा मध्यममार्ग काढला : लहान अवशेषांना लजांद्रचा न्याय, मोठ्यांना बॉस्कोविचचा.

परंतु कोणतीही सुधारित पद्धती अवशेष पाहण्याचे काम स्वतः करीत नाही. १९७३ मध्ये फ्रॅन्सिस ॲन्सकोम्बने अकरा-अकरा बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांना एकच रेषा जुळते, सहसंबंधही सर्वांचा सुमारे ०·८२. आलेख काढल्यावर मात्र दिसते की, एक संच खरोखर रेषेभोवती विखुरलेला आहे, दुसरा वक्र आहे, तिसऱ्यात एकच बिंदू फटकून आहे, आणि चौथ्यातील संपूर्ण रेषा एका बिंदूच्या आधारावर उभी आहे. आकडे सारखे, वस्तुस्थिती चार प्रकारची.

८

सारांश, रेषा जुळविण्याच्या कलेतील प्रगती ही सूत्रांच्या प्रगतीइतकीच चुकीविषयीच्या जाणिवेची प्रगती आहे. ऑयलरला चुकीचे भय वाटले, मेयरने तिच्यावर विश्वास टाकला, गाउसने तिला नियम दिला, प्रॅटने तिच्यात पर्वत शोधला आणि कोसंबींनी इतिहास. ह्या मालिकेत मेशँचे स्थान सर्वांत करुण आहे, कारण त्याची निरीक्षणे उत्तम होती आणि त्याचा अवशेष खरा होता. आजही प्रबंधासाठी मापे घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तोच क्षण येतो : एक बिंदू रेषेपासून दूर पडलेला असतो, तो खोडून टाकला तर आलेख देखणा होणार असतो, आणि पाहणारे कोणी नसते. तो बिंदू वगळावयाचा असेल तर सकारण वगळावा आणि वगळल्याची नोंद ठेवावी. देलांब्रने ज्या वह्या जतन केल्या त्यांच्यामुळेच मेशँची खरी योग्यता जगाला कळली.